चारपैकी दोन तोफा

वडील बंगालमधल्या बराकपूरच्या लष्करी छावणीत फिटर होते. विमानविरोधी तोफांची दुरुस्ती त्यांच्याकडे असे. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. रोज सकाळी गाडीने सियालदह स्टेशनवर उतरायचो, तेव्हा फाळणीनंतर आलेली कुटुंबं फलाटावरच चुली मांडून बसलेली दिसत. म्हणून कॉलेजच्या वादसभेचा विषय, ‘देशाने आधी लष्करावर खर्च करावा’, असा कळला तेव्हा मला विरोधात बोलायचं होतं. चिठ्ठी निघाली ती बाजूने बोलण्याची.

मुद्दे मिळतील म्हणून रात्री जेवताना वडिलांनाच विचारलं, “बाबा, नव्या तोफा हव्यात ना?”

“नव्या कशाला? आहेत त्या चारपैकी दोन फिरत नाहीत. सुटे भाग नाहीत, शिकवलेली माणसं नाहीत. उद्या वर विमान आलं तर काय, टोप्या हलवायच्या?”

मी वही ओढली. त्यांचा हात थांबला.

“हे लिहू नकोस. बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल.”

“मग मी बोलू काय?”

“ते तुझ्या प्रोफेसरांना विचार,” आई म्हणाली. “बाबांना जेवू दे.”

पण मला मनापासून पटलेला मुद्दा तो एकच होता. सभेत उभा राहिलो, अडखळत इंग्रजीत सुरुवात केली आणि तोंडून निघून गेलं, “चारपैकी...” तिथेच थांबलो.

“चारपैकी काय, दादा? संदेश मिठाई?” मागच्या बाकावरून कुणीतरी बंगालीत विचारलं. सभा हसली.

मग आमच्या घरची खंडेनवमी आठवली. त्या दिवशी वडील आपल्या हत्यारांची पूजा करत. आदल्या दिवशी एकेक पाना रॉकेलच्या फडक्याने पुसत. एका वर्षी एक पक्कड गंजलेली निघाली. आई म्हणाली, असू दे, ठेवा पाटावर. त्यांनी ठेवली नाही. वर्षभर जिच्याकडे पाहिलं नाही तिला आज कुंकू कशाला, म्हणाले.

हे मी जमेल तसं सांगितलं. देशानेही नवी हत्यारं मागण्याआधी असलेली पुसावीत, ती चालवणारी माणसं शिकवावीत. त्यातून वाचेल ते सियालदहच्या फलाटाला द्यावं, असं म्हणून खाली बसलो. परीक्षक म्हणाले, हा विद्यार्थी कुठल्याच बाजूने बोललेला नाही. माझा शेवटचा नंबर आला.

घरी पोचलो तर वडील दारातच उभे होते.

“तोफांचं बोललास?”

“नाही. पक्कडीचं बोललो.”

ते दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, “चल, जेवू.”

“बस रे लवकर,” आई आतून म्हणाली. “मघापासून दोनदा ताट परत पाठवलंय त्यांनी.”