दत्ताराम सुताराची रिकामी खुंटी

अलिबागच्या स्टँडवर मुरुडची गाडी लागली तेव्हा माझ्याकडे दोन ओझी होती. खांद्याला कपड्यांची पिशवी, आणि कडेवर, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, अण्णांचं वाकस (सुताराचं लाकूड तासायचं हत्यार). कंडक्टरनं त्या गाठोड्याकडे दोनदा पाहिलं.

"काय ओ ताई, कोयता-बियता न्हाय ना?"

"वाकस आहे. बोर्लीकडच्या संग्रहालयाला द्यायला निघालेय."

"मग बसा. ब्रेक लागला की पुढच्याच्या पाठीत देऊ नका म्हंजे झालं."

अण्णा, म्हणजे माझे वडील, जाऊन वर्ष झालं होतं. ते मूळचे या किनाऱ्यावरचे होडीसुतार. मी तीन वर्षांची असताना आम्हाला घेऊन ते पुण्याला आले आणि उरलेला जन्म त्यांनी दुसऱ्याच्या कारखान्यात कपाटं केली. माळा आवरताना पोत्यात हे वाकस सापडलं. पातं गंजलेलं, दांडा घामानं काळा पडलेला, कळकट. आता माझा स्वभाव सांगते. कळकट वस्तू मला डोळ्यांसमोर चालत नाही. आमच्या घरात पाहुण्यांच्या चपलासुद्धा पुसल्या जातात. तेव्हा पातं काचकागदानं लखलखीत केलं, गल्लीतल्या कार्पेंटरकडून कोरा सागवानी दांडा बसवून घेतला, वरून पॉलिश मारलं. संग्रहालयात ठेवायची वस्तू नीटनेटकी नको? स्वतःवर भलतीच खूश होते मी.

काशीदच्या अलीकडे सुरूची झाडं सुरू झाली आणि खिडकीतून समुद्र दिसायला लागला. दिसे, लपे, पुन्हा दिसे. सकाळच्या चढत्या उन्हात तो निळा नव्हताच, नुसता पांढुरका उजेड होता. माझे डोळे मिटायला लागले. मांडीवरचं गाठोडं पेंगुळलेल्या मुलासारखं जड झालं होतं. झोपेत की जागेपणी कोण जाणे, ठक ठक, ठक ठक असा आवाज ऐकू येत होता. जाग आली तेव्हा कळलं की गाडीचीच एक पत्र्याची पट्टी सुटली होती.

मुरुडहून रिक्षानं आगरदांडा आणि तिथून फेरीबोटीनं पलीकडे दिघी. बोटीवर मोटारी, मोटारसायकली, नारळाची पोती आणि मी. खाडीचं पाणी इतकं संथ होतं की बोट चाललीय की किनाराच सरकतोय, ते समजेना. डोंगर उन्हात विरघळल्यासारखे दिसत होते. इथंच आपण जन्मलो, असं मी स्वतःला दोन-तीनदा सांगून पाहिलं. आतून काहीच ओळखीचं हललं नाही आणि त्याचं मला थोडं वाईट वाटलं.

बोर्ली पंचतनच्या बाजारात चहा घेतला आणि खाडीकाठच्या वाडीवर पोहोचले तेव्हा बारा वाजले होते. बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या, म्हणजेच संग्रहालय. ते चालवणारे मास्तर पूर्वी याच शाळेत चित्रकला शिकवत. मी येणार म्हणून ते दारातच उभे होते.

"या, या! दत्तारामची मुलगी ना? आत सावलीत या आधी."

पहिल्या खोलीत पाऊल टाकलं आणि माझी बडबड बंद झाली. कौलांतल्या काचेतून उन्हाचा एकच पट्टा आत पडला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. (ती पुसायची मला इच्छाही झाली नाही, यावरून काय ते समजा.) खोबरेलाचा, जुन्या लाकडाचा वास येत होता. भिंतीला सुऱ्या आणि कोयते, सगळे इथल्या लोहारांनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून घडवलेले. एका सुरीचं पातं धार लावून लावून काडीएवढं उरलं होतं. "चाळीस वर्षं एकाच बाईनं मासे कापले यावर," मास्तर म्हणाले. पलीकडे रंधे, पटाश्या, माडावर चढताना कोयता अडकवायची कमरेची लाकडी आकडी, पाळण्यावरचे कोरलेले पोपट. कासवाच्या आकाराची एक खवणी होती. कोरणाऱ्यानं कासवाला हसरं तोंड दिलं होतं. कुणी बघणार नाही अशा जागी, बसणाऱ्याच्या मांडीखाली. मी तिथंच जमिनीवर बसले आणि किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही.

मग मास्तरांनी मागची खोली उघडली.

समोरच्या भिंतीवर ओळीनं खुंट्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक खुंटीला सुतळीनं बांधलेला एक दांडा. नुसता दांडा! पातं एकालाही नाही. प्रत्येकाखाली खडूनं नाव.

"अगंबाई, लोखंड चोरीला गेलं की काय?" मी विचारलं.

मास्तर हसले. "नाही हो. इथल्या होडीसुतारांची रीत आहे ती. सुतार आपला दांडा आपल्या मुठीला बेतून स्वतः तासतो. जन्मभर दुसऱ्याला त्याला हात लावू देत नाही. तो गेला की घरचे दांडा काढतात. लोखंड मुलाला जातं, तो आपला नवा दांडा करतो. जुना दांडा घराच्या वाशाला बांधून ठेवतात. लोखंड काय, लोहाराकडे मिळेल. दांड्यात माणसाचा हात असतो. आता वासे गेले, स्लॅब आले, म्हणून दांडे मी इथं आणले."

मी जवळ जाऊन पाहिलं. प्रत्येक लाकडावर अंगठ्याची खळी, बोटांच्या खाचा, घामानं काळी झालेली झिलई. जे मी कळकट म्हणून काढून टाकलं, तेच! शेवटून दुसरी खुंटी रिकामी होती. खाली नाव होतं, दत्ताराम.

खिडकीपाशी बाकावर एक म्हातारे गृहस्थ तेलाची वाटी घेऊन बसले होते. ते गोविंदनाना. मास्तरांनी सांगितलं, की यांची नजर गेलीय, पण रोज येऊन सगळे दांडे तेल लावून पुसतात आणि नुसत्या मुठीवरून कुणाचा कोणता ते ओळखतात. नाना आणि अण्णा एकाच होडीवर काम करत. एका फळीच्या या टोकाला हे, त्या टोकाला ते. अण्णा गेल्याचं अलिबागच्या नातेवाइकांकडून कळलं, त्याच दिवशी नानांनी ती खुंटी ठोकून घेतली होती.

"दत्तारामची पोर व्हय?" नाना म्हणाले. "हात दे बघू." त्यांनी माझा तळवा चाचपला. "बोटं त्याचीच. आता दे त्याला हिकडं. वरीस झालं वाट बघतोय."

काय सांगणार? लुगडं सोडलं आणि ते चकाकतं वाकस त्यांच्या हातात दिलं. नानांनी मूठ आवळली. सैल केली, पुन्हा आवळली. पॉलिशवरून त्यांचा अंगठा घसरत राहिला.

"हा त्याचा न्हाय," ते हळूच म्हणाले. "हा कुनाचाच न्हाय. त्याचा कुटं हाय, बाय?"

"मी बदलला, नाना. घाण दिसत होता म्हणून."

रागावले असते तर बरं झालं असतं. नानांनी वाकस बाकावर ठेवलं आणि हात धोतराला पुसले.

जेवायला मास्तरांच्या घरी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती. सोमवारी समुद्रावर येण्याचा मूर्खपणा मी केला होता, त्यामुळे मासे नव्हते. पण असते तरी घास उतरला नसता. हात धुऊन मी पुण्याला यजमानांना फोन लावला.

"अहो, अण्णांच्या वाकसाचा जुना दांडा कुठं गेला?"

"कमाल आहे तुझी. कार्पेंटरनं परत दिला, तो तूच नाही का कढीपत्त्याच्या कुंडीत रोवलास? रोपाला आधार म्हणून."

तीन महिने! तीन महिने रोज सकाळी मी त्याला पाणी घालत होते. पण कुठलं टोक मातीत? मुठीचं की पात्याचं? मूठ खाली गेली असेल तर संपलंच. निघताना नानांना तेवढं सांगितलं. ते म्हणाले, "मिळू दे, न मिळू दे. खुंटी ऱ्हाईल तिथंच."

माणगावहून ताम्हिणीमार्गे घरी परतले. घाटात धुकं होतं, दरीत काही दिसत नव्हतं, आणि मला सगळीकडे खुंट्याच दिसत होत्या. जन्मभर अण्णांच्या हातांशी मी एकाच कारणानं बोलले: जेवायला बसायच्या आधी धुवा. त्या हातांनी होड्या कशा केल्या हे मी कधी विचारलं नाही, आणि तेही बोलले नाहीत.

घरात शिरले ती थेट गॅलरीत. कढीपत्त्याची सुतळी सोडली आणि दांडा दोन्ही हातांनी उपसला. मातीतलं टोक भुसभुशीत होऊन हातात आलं. ते पात्याचं टोक होतं. मूठ वर होती, शाबूत, पानांच्या सावलीत. मी ती धरली. माझा अंगठा अण्णांच्या खळीत जाऊन बसला, थोडा आखूड पडला. मला रडू आलं.

सवयीनं मोरीपाशी गेले, नळ सोडला आणि मग बंद केला. मास्तरांना फोन लावून नानांना द्यायला सांगितलं.

"नाना, मिळाला. टोक कुजलंय, पण मूठ आहे."



"धुतलास व्हय गं?"

"नाही, नाना. मातीसकट आहे."

"मग ये तशीच," नाना म्हणाले. "मी तेल काढून ठेवतो."