मार्क नसलेल्या दोघी

शमीमभाभींचं नाव आधी लिहिते. मागाहून लिहायचं म्हटलं तर राग मध्ये येईल आणि त्यांचं राहून जाईल. शमीमभाभी दापोलीकडच्या. रियाधला आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या नवऱ्याचं, बशीरभाईंचं, खाली रस्त्यावर किराणा दुकान. भाभी माझ्या कुणी लागत नव्हत्या. त्यांनी मला लढाईत मास्क दिला आणि मागाहून फॉर्म दिला. दोन्ही त्यांच्याच घरातले.

आता झालं ते सांगते.

मी साहेबांच्या घरी कामाला होते. अजून आहे. साहेब एका मोठ्या कंपनीत हिशेबाचे अधिकारी. वहिनी, मुलगी रेवा, धाकटा मुलगा. इराकनं कुवेत घेतलं त्याच्या नंतरच्या महिन्यांतली गोष्ट. अजून लढाई लागली नव्हती, नुसती बोलणी चालायची. त्या शुक्रवारी घरी पाहुणे होते, सगळी मराठी माणसं. रेवा बारावीला. तिला अमेरिकेत शिकायला जायचं होतं. तिकडच्या कॉलेजांची एक परीक्षा असते, तिचे मार्क पाठवावे लागतात. त्याचं जाडजूड पुस्तक घरात सगळीकडे फिरायचं आणि रेवा ते उघडायची नाही.

साहेबांनी हाक मारली. "अगं ए, जरा बाहेर ये."

मी भांडी घासत होते. तशीच गेले.

"हात दाखव."

मला वाटलं काही फुटलंबिटलं असेल. मी हात पुढे केले. साहेबांनी माझं मनगट धरलं आणि हात रेवाच्या तोंडासमोर नेला. ब्लीचनं बोटांची सालं निघालेली. पेरांना चिरा. साबणाचं पाणी गालिच्यावर गळत होतं.

"नीट बघ. दहावी नापास. अभ्यास केला नाही की असे हात होतात."

पाहुणे हसले. खूप नाही. थोडे, जेवणानंतर हसतात तसे. रेवा म्हणाली, "डॅड, स्टॉप इट ना." एक बाई म्हणाल्या, "पण पोळ्या काय पातळ करते हो!" वहिनी म्हणाल्या, "गालिचा पूस गं तो."

मी पुसला.

वाईट वाटलं का? खरं सांगते, तेव्हा भीतीच वाटली. साहेब चिडलेत का, मला परत पाठवतील का, याची. कारण मला साहेबांचे उपकार माहीत होते. मी त्यांच्याच गावची. आमची बौद्धवाडी गावाच्या खाली, ओढ्याच्या पलीकडे. दहावीच्या परीक्षेला बसले होते मी. दोन पेपर झाले होते. गणिताच्या आदल्या दिवशी बाबा आंब्यावर फवारणीला चढले आणि फांदीसकट खाली आले. बाग साहेबांच्या चुलत्यांची. दुसऱ्या दिवशी शाळेत पेपर चालू होता तेव्हा मी ओढ्याच्या काठी चितेसमोर उभी होते. बोर्डानं नापास लिहिलं. गैरहजर पोरीला दुसरं काय लिहिणार? पुढं साहेबांच्या घरच्यांनी आईला सांगितलं, पोरीला आम्ही सौदीला नेतो, तुमचं घर चालेल. आई त्यांच्या पाया पडली. मीही पडले. चार वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्या पायाच पडत होते.

जानेवारीत लढाई लागली.

शाळा बंद. दुकानं अर्धी बंद. साहेबांच्या कंपनीनं मास्क दिले. काळ्या रबराचे, तोंडापुढे डबा असलेले. घरातल्या चार माणसांचे चार. वहिनींच्या झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना मी प्लास्टिक लावलं, कडेनं टेप मारली. गॅसचा बॉम्ब पडला तर आत हवा यायला नको म्हणून. खुर्चीवर चढून वरच्या फटीसुद्धा बुजवल्या. टेप ओढून ओढून अंगठा कापला. वहिनी म्हणाल्या, "छान केलंस हो." मला बरं वाटलं.

पहिला भोंगा वाजला तेव्हा जेवणं व्हायची होती. मी पोळी तव्यावर टाकलेली. तो आवाज कसा सांगू? कुणीतरी आपल्या पोटात हात घालून आतडं ओढतंय असा. सगळे त्या खोलीकडे धावले. मीही धावले. दारात वहिनींनी हात आडवा केला.

"तू तुझ्या खोलीत बस. ओला टॉवेल तोंडाला धर. चारच मास्क आहेत गं."

दार लागलं. आतून टेप ओढल्याचा आवाज आला. चर्र. मग आणखी एक. चर्र.

त्या खोलीतल्या कपाटात त्यांचे देव होते. सौदीत देव उघड्यावर ठेवता येत नाहीत, म्हणून कपाटात. त्या कपाटाला हात लावायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मला आत घेतलं नाही ते मास्क चार होते म्हणून की देव होते म्हणून, मला अजून कळलेलं नाही. विचारलंही नाही.

मी बाहेरच्या अंधारात उभी. पोळी जळायचा वास. मला वाटलं हाच गॅस. आभाळात काहीतरी फुटलं. खिडक्या थडथडल्या, भांडी मांडणीतून पडली, आणि मी उभ्या उभ्या कपडे ओले केले. वीस वर्षांची बाई. हे लिहायला लाज वाटते. लिहिते.

मग दार वाजलं. बाहेरचं. वरून शमीमभाभी उतरून आल्या होत्या, पोटुशी बाई, अशा भोंग्यात. जिन्यावरून त्यांनी माझं रडणं ऐकलं असेल.

"अगो, तू एकटी? आणि ती कुठं गेलीत सगळी?"

मी बंद दाराकडे बोट केलं. भाभी त्या दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चल वर. भाई जेद्दाला गेलेत माल आणायला. त्यांचा मास्क पडलाय तसाच."

"भाभी, माझे कपडे..."

"माझा मॅक्सी घाल. चल म्हणते ना. मराया आपल्याला वेळ नाही."

बशीरभाईंचा मास्क मला मोठा होता. पट्टे ओढून डोक्याला बांधला. दोघी मोरीत बसलो, त्यांच्या घरात तेवढीच बिनखिडकीची जागा. मास्कमधून भाभींचा आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा. म्हणाल्या, "आता तू आणि मी, दोघी हत्ती दिसतोय." मी हसले. हसता हसता काचेवर वाफ धरली आणि काही दिसेना.

त्यानंतर भोंगा झाला की मी वर पळायची. खाली कुणी विचारलं नाही कुठं जातेस म्हणून.

रेवाची परीक्षा त्याच महिन्यात होती. झालीच नाही. ज्या शाळेत व्हायची तीच बंद. कॉलेजांना अर्ज पाठवायची मुदत मात्र संपत आलेली. घरात सुतक आल्यासारखं झालं. रेवा दिवसभर पांघरुणात. वहिनी जेवेनात. साहेबांनी ऑफिसातून सगळ्या कॉलेजांना कळवलं, की लढाईमुळे परीक्षा झाली नाही, मार्क पाठवता येत नाहीत, तरी मुलीचा विचार करावा. मला इंग्रजी येत नाही. पण ते पुण्याला भावाशी फोनवर मराठीत बोलत होते आणि मी चहा घेऊन उभी होते.

साहेब म्हणाले, "अरे, तिचा काय दोष? परीक्षाच देता आली नाही. मार्क नाहीत म्हणजे पोरगी ढ आहे का?"

चहा ठेवला. स्वयंपाकघरात आले. ओट्याला धरून उभी राहिले.

तिचा काय दोष.

मला कुणी असं म्हटलं नव्हतं. बोर्डानं नाही. मास्तरांनी नाही. मीही नाही. चार वर्षं मी स्वतःला नापासच म्हणत आले. कुणी विचारलं, कितवी शिकलीस, की आपणच पटकन सांगायचं, दहावी नापास. म्हणजे समोरच्यानं म्हणायच्या आधी. रेवाच्या दारात लढाई आली तर ते संकट. माझ्या दारात बापाचं मढं आलं तर ते नापास. हे गणित कुणी घातलं?

गॅस बंद केला आणि वर गेले.

हे मी भाभींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं, ताट बाजूला ठेवलं आणि आतून एक लिफाफा आणला. त्यांच्या भावानं दापोलीहून पाठवलेला. महाराष्ट्रात नवं मुक्त विद्यापीठ निघालं होतं. वय भरलेलं असलं की दहावी-बारावीचे मार्क मागत नाहीत. त्यांची स्वतःची एक चाचणी देऊन आत जायचं. पुस्तकं घरी येतात.

"मी माझ्यासाठी मागवला होता," भाभी म्हणाल्या. "नववीतून काढून लग्न लावलं माझं. पण मे महिन्यात मला बाळंत व्हायचंय. चाचणी पण मेमध्येच. मी तिथं कुठची जाणार गो? तू भर."

"भाभी, एकच फॉर्म आहे."

"मग? एकच भरायचा आहे ना."

जन्मतारखेला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा होता. दाखला साहेबांकडे. माझा पासपोर्ट, माझा दाखला, सगळं त्यांच्या कपाटात. लढाई संपली, मार्च गेला, मी मागितला नाही. रोज ठरवायची आणि रोज घाबरायची. मागितला आणि मला घरी पाठवलं तर? आई काय खाईल? इथं निदान दोन वेळचं जेवण होतं, पंखा होता. वहिनींनी मला कधी उपाशी ठेवलं नाही, तेही खरंच आहे.

मग रेवाला अमेरिकेतून पत्र आलं. घेतलं तिला. बिनमार्कांची घेतली. पुन्हा शुक्रवार, पुन्हा पाहुणे. दुधाच्या पावडरीचे पेढे मीच वळले. वहिनी सगळ्यांना सांगत होत्या, "परीक्षा न देता हो! नुसती हुशारी बघून." एक पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

तो हातात धरूनच मी म्हटलं, "साहेब, माझा शाळेचा दाखला हवा होता."

"कशाला?"

"कॉलेजात अर्ज करायचाय."

आधी कुणाला कळलंच नाही. मग हसले. या वेळी मोठ्यानं. साहेब म्हणाले, "अगं, दहावीचे मार्क तरी आहेत का तुझे?"

"लागत नाहीत तिथं."

"मार्क लागत नाहीत ते कॉलेज कसलं? उद्या आमचा ड्रायव्हर सर्जन होईल."

पेढ्याचा चुरा झाला मुठीत. पण तोंडातून शब्द निघाले, त्यांचेच, जसेच्या तसे.

"परीक्षाच देता आली नाही, साहेब. मार्क नाहीत म्हणजे पोरगी ढ आहे का?"

रेवानं माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं असेल. मग मान खाली घातली.

साहेबांचा चेहरा काळा पडला. "हे तुला कुणी शिकवलं? वरचीनं?"

"तुम्हीच. फोनवर म्हणाला होतात."

"ज्यांनी विमानात बसवलं त्यांनाच उलटून बोलतेस?" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला त्यांचंही वाईट वाटलं. हा माझा स्वभाव आहे, जाता जात नाही.

साहेब म्हणाले, "खलास. उद्याच एक्झिट लावतो तुझं. जा गावाला, बस शेण थापत."

मी म्हटलं, "लावा. दाखला आधी द्या."

आवाज चिरकला माझा. शूर माणसासारखा निघाला नाही. पण निघाला.

सकाळी दाखला ओट्यावर होता. खरकट्या भांड्यांशेजारी ओल्यात टाकलेला. मी तो पुसला, इस्त्री फिरवली, फॉर्मला जोडला. बशीरभाईंच्या दुकानातला एक गडी सुट्टीवर रत्नागिरीला चालला होता, त्याच्या हाती दिला. मार्कांच्या रकान्यात मी रेघ मारली. खोटं काही लिहिलं नाही.

एक्झिट म्हणजे देश सोडायचा शिक्का, मालकानं लावल्याशिवाय मिळत नाही. तो साहेबांनी लावला नाही. राग उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मी गेले तर काम कोण करणार. आता ते म्हणतात, रेवाच्या जाण्याची तयारी आहे, मेमध्ये तुला सोडता येणार नाही, पुढच्या वर्षी बघू. पगारही वाढवतो म्हणाले. पासपोर्ट त्यांच्याकडेच आहे.

पुढचं वर्ष मला माहीत आहे. ते येत नाही.

आज सकाळी मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं, मला कायमचं एक्झिट द्या. परतीचा व्हिसा नको. नाही दिलं तर मी एम्बसीच्या दारात जाऊन बसेन. ते बॅग उचलून ऑफिसला गेले. मी हे लिहितेय, आणि भीती अजून गेलेली नाही. परत गेले की हातात काही नाही. आई विचारेल, चांगली नोकरी सोडून आलीस? वाडीतली माणसं विचारतील. चाचणीत मी नापासही होईन. झाले तर खरीखुरी नापास होईन, पेपर लिहून. आणि परत बसेन.

भाभी आता बाळंतपणासाठी जेद्दाला आहेत, शराफिया मोहल्ल्यात, भाईंच्या चुलतभावाकडे. दिवस भरत आलेत. जाताना मी त्यांना मिठी मारली, पण बोलायचं ते बोलता आलं नाही. इथं लिहिते. भाभी, तुमच्या वाट्याची जागा मी घेतली आहे. ती मी फुकट ठेवणार नाही. तुमचं बाळ रांगायला लागेल, तुम्ही त्याला घेऊन गावी याल, तेव्हा दापोलीला तुमच्या दारात येईन. तुमच्या नावाचा कोरा फॉर्म घेऊन. भाई नको म्हणाले तर मी त्यांच्याशी भांडेन, सासू नको म्हणाली तर तिच्याशी. बाळाला मी सांभाळेन, तुम्ही पेपर लिहायचा. हे मी करणारच.