गुडघाभर पाण्यातला बाप्तिस्मा

बाप्तिस्म्याचा वर्ग मी कलकत्त्यात सहा वर्षं शिकवला, आणि माझा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नव्हता.

यात लबाडी नव्हती हो! (होती. पण थोडी.) सोळाव्या वर्षी नगरकडे, गावच्या विहिरीत माझा बाप्तिस्मा ठरला होता. ते काळं पाणी पाहिलं आणि पायऱ्यांवरून जो पळालो तो थेट घरी. पुढे नोकरी, कलकत्त्याला बदली. हे गायकवाड नगरकडचे, म्हणजे बाप्तिस्मा तिकडेच झाला असणार, असं इथल्या चर्चच्या मंडळीनं धरून चाललं. खरं सांगायचा मी कंटाळा केला. वर्ग मात्र झोकात! "पाण्यानं पाप धुतलं जात नाही. पाण्याखाली जाणं म्हणजे जुन्या माणसाला पुरणं, वर येणं म्हणजे ख्रिस्तात नवं जीवन. आणि शिंपडून भागत नाही, अख्खा माणूस बुडाला पाहिजे!" हे मी टेबलावर मूठ आपटून सांगायचो.

त्या वर्षी माझ्या पंधरा वर्षांच्या रूथनं बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. आदल्या दिवशी लोडशेडिंग, पंप बंद! चर्चच्या व्यासपीठाखालची बाप्तिस्म्याची टाकी भरायला गल्लीतल्या हातपंपावरून बादल्या आणायच्या. दुपारी दोनपासून मी, रूथ आणि माझी बायको सुशीला. सहा वाजता माझे खांदे निखळायच्या बेतात होते आणि टाकीत पाणी होतं गुडघाभर. मी पायरीवर बसकण मारली.

"पपा," रूथ म्हणाली, "उद्या पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांसमोर साक्ष देताना मी सांगणार आहे. माझे पपा विहिरीत उतरले, म्हणून मला धीर आला."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"तुम्हीच! पाणी गार होतं म्हणालात."

(म्हणालो होतो. पायऱ्यांवरूनसुद्धा गारच वाटलं होतं.)

पोरगी उद्या देवासमोर, अख्ख्या मंडळीसमोर माझं खोटं बोलणार! मग मी सगळं सांगून टाकलं. रूथनं बादली खाली ठेवली.

"मग मी नाही घेत उद्या."

"अगं, माझ्यापायी तू कशाला..."

"आधी तुम्ही घ्या."

"सतरा वर्षं संसार केला," सुशीला म्हणाली, "आणि मला हे आज कळतंय! उठा, पाद्रीबाबूंना सांगून या."

पाद्रीबाबू बंगाली, जेमतेम पाच फूट, अंगानं काडी. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसता सुस्कारा सोडला. "आच्छा. कल पहले आप."

रविवारी पांढरा झगा घालून मी टाकीत उतरलो. माझी उंची सहा फूट, वजन विचारू नका. पाणी अजून गुडघाभरच, त्यात बसायचं आणि मागे झोपायचं, एवढाच मार्ग होता. पहिल्यांदा डोकं गेलं, पोट वर राहिलं.

"पेट! पेट बाकी है!" पहिल्या बाकावरून आवाज आला. माझाच विद्यार्थी! "सर, पूरा आदमी! आपने ही सिखाया था!"

पाद्रीबाबूंनी दोन्ही हातांनी पोट दाबलं, तर गुडघे वर आले. तिसऱ्यांदा नाकात पाणी गेलं, मी "आई गं!" म्हणून पाद्रीबाबूंच्या गळ्याला मिठी मारली, आणि आम्ही दोघंही तळाला! ते चष्मा चाचपडत वर आले.

"हो गया," ते धापा टाकत म्हणाले. "मेरा भी. दोबारा."

मी टॉवेल गुंडाळून सुशीलाशेजारी बाकावर बसलो. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. रूथ साक्ष द्यायला उभी राहिली.

"मेरे पपा पानी से बहुत डरते हैं," ती म्हणाली. "फिर भी उतरे. मुझे बस इतना ही कहना है."

आणि उतरली. एकदाच बुडाली, हसत वर आली. काय सांगू, थकवाबिकवा पार विसरलो. टॉवेल कुठे पडला कळलं नाही, मी ताठ उभा राहिलो आणि दोन्ही हात वर करून म्हणालो, "हालेलूया!"

सुशीलानं झगा धरून खस्सकन खाली ओढलं.

"बसा आधी! ओल्या झग्यातून निळ्या पट्ट्यांची चड्डी दिसतेय सगळ्यांना!"

मी बसलो, तो शेवटचं गीत संपून हॉल रिकामा होईपर्यंत उठलोच नाही.