एक नंबरचं दार

सिग्ने तोर्नक्विस्टनं स्वीडनमधल्या यॉतेबोरीच्या त्या जुन्या नाट्यगृहात तीस वर्षं विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं. नटाला ऐकू जावं, पहिल्या रांगेला नाही, असा तिचा आवाज! पन्नाशीनंतर ही बाई हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकली, आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी रंगमंचावरच्या फलकावर संवाद झळकवणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला.

गुरुवारी नायिका प्राण सोडत होती आणि फलकावर उमटलं, ‘इशारा: अक्षर सापडलं नाही.’ लोक फिदीफिदी हसले.

"शनिवारी असं पुन्हा दिसलं तर फलक खाली," दिग्दर्शक इंग्वे म्हणाला. "शिडी विंगेतच ठेवलीय, सिग्ने."

प्रोग्रॅमचं बाहेर बोलायचं नेहमीचं दार म्हणजे एक नंबरचं. फलक त्यालाच जोडलेला. अक्षरं मांडणाऱ्या उसन्या लायब्ररीनं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडनं, आपली कुरकुरही तिथूनच ओरडून सांगितली होती. सिग्नेनं आता प्रोग्रॅम सुरू होतानाच त्या दाराची प्रत काढली, ती फक्त संवादांसाठी राखली आणि मूळ एक नंबर चुकांच्या फाइलकडे वळवला. घरच्या स्क्रीनवर ओळ न् ओळ वेळेवर आली.

शनिवारी दुपारी प्रयोगाला पंधरा मिनिटं उरली, आणि फलक कोरा.

"राहू दे कोरा. कोऱ्या फलकाला कुणी हसत नाही," इंग्वे म्हणाला.

"तिसऱ्या रांगेत एब्बा बसलीय, इंग्वे. चाळीस वर्षं या रंगमंचावर उभी राहिली, आता कान गेले. तिनं नुसती तोंडं बघायची?"

"दहा मिनिटं. मग घंटा!"

सिग्नेनं लॅपटॉप पुढे ओढला. घरी चाललं, इथं का नाही? घरी पुढे स्क्रीन होता, इथं ओळी फलकाच्या यंत्राकडे वाहून नेणारा पाइप! स्क्रीन असला की हॅस्केल ओळ संपताच सोडतो. पाइप दिसला की भरपूर साठेपर्यंत तोंडात धरतो. पानभर वाक्यं साठवून एकदम सांगणारा प्रॉम्प्टर कुठल्या नटाच्या कामाचा? मूळ दाराला दिलेली ताकीद प्रतीला द्यायची राहिली होती; तिनं त्या प्रतीला बजावलं, दर ओळीला सोड. बदललेला प्रोग्रॅम नव्यानं बांधणारा कंपायलर रेंगाळला. पहिली घंटा झाली. दुसरी झाली. पडदा हलला तेव्हा कुठे प्रोग्रॅम सुरू झाला.

पहिलं वाक्य झळकलं. इंग्वेनं तिच्या लॅपटॉपवरच्या फाइलकडे बोट दाखवलं. "हे काय बडबडतंय?"

"तीच कुरकुर. बडबडू दे, इथं चालतं."

नाटकातल्या नोकरानं विनोद टाकला. सिग्नेनं फलकाकडे पाहिलंच नाही. सभागृह हसलं, आणि तिसऱ्या रांगेतले एब्बाचे खांदे त्याच क्षणी हलले.

इंग्वेनं शिडी उचलली आणि कोठीत नेऊन ठेवली.