चूक अक्कांची, शोध माझा

अक्का चटणीसुद्धा मूळ सांगितल्याशिवाय वाढत नसत. “कृती शेजारच्या जयम्माची, जास्तीचा लसूण माझा,” असं सांगून झालं की मगच चमचा आमच्या ताटलीकडे वळे. नवऱ्याचा विनोद सांगायचा झाला तरी “हा आमच्या ह्यांचा, शेवट मी बदललाय” हे आधी. त्यामुळे नेमकं कधी हसायचं ते कळत नसे.

बंगळूरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या या अक्का पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुटे भाग तपासत. निवृत्तीनंतर दर रविवारी इंदिरानगरच्या घरी त्या आम्हा कॉलेजच्या मुलांना ऑनलाइन मराठी विश्वकोशात लिहायला शिकवू लागल्या. मी नागपूरचा, कोरमंगलाच्या पीजीत राहणारा. खरं सांगायचं तर पोह्यांसाठी जाऊ लागलो.

पहिला लेख मी एका तलावावर लिहिला. म्हणजे त्याच विश्वकोशाच्या कन्नड आवृत्तीतला लेख यंत्राकडून मराठीत करून घेतला, चार वाक्यं सरळ केली आणि ऐटीत दाखवला. अक्कांनी विचारलं, कन्नड कधी शिकलास? मला ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, एवढंच येत होतं. तिथलं सगळं फुकटच असतं, कुणीही घ्यावं, असं मी म्हणालो.

“फुकट आहे रे, बेवारस नाही.”

बदल जतन करताना खाली टीप लिहायला जागा असते. तिथे त्यांनी मला ‘कन्नड लेखावरून अनुवाद’ असं लिहायला लावलं, मूळ लेखाच्या दुव्यासकट. तेही सगळ्या वर्गासमोर.

मला ते लागलं. आठवडाभर मी अक्कांचे जुने लेख उपसले, यंत्राच्या मदतीने कन्नड लेखांशी ताडून पाहिले, आणि सापडलं. ‘रागी मुद्दे’ या नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यांवरच्या त्यांच्या लेखातला एक परिच्छेद सरळ कन्नड लेखातून आला होता. टीप नव्हती. रविवारी दोन्ही लेखांचे कागद मी भर वर्गात त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी पोह्यांची ताटली बाजूला ठेवली.

“मीच केलंय हे,” त्या सगळ्यांना म्हणाल्या.

जुनी टीप बदलता येत नाही, आणि लेखात काही बदल केल्याशिवाय नवी लिहिता येत नाही. म्हणून त्यांनी लेखातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि नव्या टिपेत एका बोटाने लिहिलं, ‘दुसरा परिच्छेद मी कन्नड लेखातून घेतला होता, श्रेय द्यायचं राहिलं. चूक माझी.’ दुवा दिला. मी ‘जतन करा’ दाबायला हात पुढे केला.

“स्वल्प थांब,” म्हणाल्या, आणि पुढे लिहिलं, ‘शोध याचा’, आणि माझं नाव.

आता अक्का मुलीकडे म्हैसूरला असतात आणि वर्ग मी घेतो. पहिल्या दिवशी नव्या मुलांना ती टीप उघडून दाखवतो. कुणीतरी विचारतंच, या बाई कोण? मग त्या रविवारी दुसरं काही शिकवून होत नाही.