गोल फिरणारे फोन

बडोद्यात नवरात्रीचं मोठं गरबा मैदान म्हणजे आमच्या मोबाइलवाल्यांची बोर्डाची परीक्षा. एका अँटेनाच्या टापूत जितके फोन, तितक्यांत तिची ताकद वाटली जाते. गर्दी वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला घोटभर. ही वाटणी बघायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मैदान कित्येक वर्षं माझं होतं. त्याच्या नकाशाला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे.

मी मैदानाचे भाकरीसारखे चतकोर करायचो. चार कोपऱ्यांत चार खांब, प्रत्येक चतकोराला एक अँटेना. एक चतकोर भरला की तिथला भार शेजारच्यावर ढकलायचा. तरी दरवर्षी फोन तुटायचेच. एवढ्या गर्दीला कोण काय करणार, असं मी साहेबांना सांगायचो आणि तेही मान डोलवायचे.

मग आमच्या ऑफिसात नागपूरहून बदलून एक मुलगी आली. आल्या आल्या तिने गरब्याचा पास काढला. मला ते थिल्लर वाटलं. आमच्या चार पिढ्या बडोद्यात गेल्या, पण मी कधी फेर धरला नव्हता. मी आपला खांबाजवळच्या गाडीत बसून स्क्रीन बघायचो. ती चणिया-चोळी घालून, चाचणीचा फोन कमरेला खोचून मनसोक्त नाचली.

दसऱ्यानंतरच्या बैठकीत म्हणाली, "सर, लोकं तर गोल फिरून राहिले ना. एका फेरीत माझा फोन चारही अँटेनांनी धरला नि सोडला. सगळी ताकद त्या धरण्या-सोडण्यातच जाते." मग फळ्यावर माझे चतकोर पुसून तिने एकात एक वर्तुळं काढली. मधल्या मंचावरून प्रत्येक कड्याला वेगळी अँटेना द्यायची, म्हणजे माणूस कितीही फिरला तरी आपल्याच कड्यात राहील.

साहेब गुजराती. ते खूश होऊन मला म्हणाले, "आवता वर्षे ग्राउंड बेनने आपी दो."

पुढच्या वर्षी मैदान तिच्याकडे. माझं मैदान गेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, हे मला मान्य आहे. पण तो कळसा नागपूरच्या पोरीला दिसावा? तिचा इतका हेवा वाटला की ती नकाशा दाखवायला यायची तेव्हा मी फोनवर बोलत असल्याचं सोंग करायचो.

पुढच्या नवरात्रीत मी गोरवा भागातल्या आमच्या घरीच होतो. लेक मैदानावर. तिने बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मैत्रिणीच्या हातात देऊन नाचायला लागली. मैत्रीणही तिच्या मागोमाग फेरातच. दरवर्षी पहिला खांब ओलांडला की चित्र थिजायचं आणि बायको कंटाळून फोन ठेवायची.

अँटेना मंचावर गेल्या तरी जुने खांब उभेच होते. यंदा पहिला खांब मागे गेला. दुसरा गेला. तिसऱ्याजवळ मी पुढे सरकून बसलो. चौथाही गेला आणि आमच्या लेकीची अख्खी फेरी आम्हांला पहिल्यांदाच दिसली.

"अहो, केवढी गोड नाचते," बायकोने डोळे पुसले. "आणि यंदा तुमचं नेटवर्क किती छान चाललंय."

लेक कशी नाचली ते मला सांगता येणार नाही. मी सगळा वेळ चित्र तुटायची वाट बघत होतो.