रविवारी माहेरी, मोटारसायकलवर

आई गेल्यापासून बाबा गावी एकटेच राहतात. गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. या पावसाळ्यात ते भाताच्या बांधावरून घसरले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत सळई बसवली आणि हातात काठी आली. दिवाळीला आम्ही सगळे तिथे जमलो तेव्हा पुण्याच्या धाकट्या भावाने विषय काढला. संक्रांतीनंतर घराला कुलूप लावायचं आणि बाबांनी त्याच्या फ्लॅटवर जाऊन राहायचं, असं त्याचं ठरलं होतं.

"आठवड्याला कुणी येऊन बघणारं असतं तर गोष्ट वेगळी होती," तो म्हणाला.

बाबा ओटीवर बसून समोरच्या कापलेल्या खाचरांकडे बघत राहिले. मला ते बघवेना.

"मी येत जाईन दर रविवारी," मी म्हणाले.

"बेलापूरहून? इतक्या गाड्या बदलत? पोचेपर्यंत परत निघायची वेळ होईल, ताई."

"मोटारसायकलवर येईन."

अख्खं घर हसलं. माझा नवरा सगळ्यात जास्त हसला, कारण मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं एक आहे, मला खरा राग आला की मी भांडत नाही. गप्प बसते, आणि मग कुणाचं ऐकत नाही. संक्रांतीपर्यंत थांब, एवढंच मी भावाला सांगितलं. "बघू," तो म्हणाला, आणि फराळाचं ताट पुढे ओढलं.

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला, म्हणजे माझ्या सासरी, परतल्यावर नवऱ्याची मोटारसायकल घेऊन बाजारतळावर शिकवणी सुरू झाली. बाजाराचा वार सोडला तर तिथे रिकामे ओटे आणि कुत्री, बाकी कुणी नसतं. नवरा गाडीमागे पळत ओरडायचा, "क्लच! अगं हळू सोड, हळू म्हणतोय ना!" तो ओरडला की माझ्या हातून क्लच सुटायचा, आणि क्लच सुटला की तो आणखी ओरडायचा. शेवटी मी त्याला घरी जाऊन चहा प्यायला सांगितलं. तो गेल्यावर गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. मोजून सांगत नाही, पण ओट्यांना इतक्या फेऱ्या घातल्या की कुत्रीसुद्धा उठायची बंद झाली.

पक्कं लायसन हातात आलं तशी मी रस्त्याला लागले. आधी श्रीरामपूर, मग बाभळेश्वर. आमच्याकडे या दिवसांत रस्ता माणसांचा नसतो, उसाचा असतो. ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरने गाणी अशी मोठ्याने लावलेली की हॉर्न वाजवून तुमचाच अंगठा दुखावा. पहिल्यांदा एकट्याने निघाले तेव्हा मी बाभळेश्वरपर्यंत एकाच ट्रॅक्टरच्या मागे धूळ खात गेले. माझ्या मागे अडकलेले लोक मला काय म्हणत होते ते ऐकू येत होतं. मी कान बंद केले आणि पुढे बघत राहिले.

पुढच्या वेळी मात्र अक्कल आली. ट्रॅक्टरवाल्याने आपल्याला ऐकावं, बघावं, बाजूला व्हावं, ही अपेक्षाच सोडली. समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला की एक गिअर कमी करायचा, रेस द्यायची आणि निघायचं. पहिल्या ट्रॉलीच्या मध्यावर पोचल्यावर जाऊ की नको, असा विचार करायचा नाही. तो आधीच करून ठेवायचा. असं करत मी लोणी गाठलं आणि त्याच्या पुढच्या रविवारी संगमनेर. स्टँडसमोर चहा प्यायले आणि तशीच मागे फिरले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो या वेळी हसला नाही. त्याने चेन तेवढी घट्ट करून दिली.

संक्रांत तोंडावर आली. आता थेट माहेरीच जायचं, असं ठरवलं. पण माहेरी रिकाम्या हाताने कसं जायचं? बाबांच्या रानात भात पिकतो, गहू नाही. एसटीने जाताना मी पिशवीभर गहू नेत असे. आता हाताशी गाडी होती, म्हणून मी गोणीच भरली. वर कांदेही ठेवले.

"जास्त होतंय," रबरी ट्यूबने गोणी बांधता बांधता नवरा म्हणाला.

"पहिल्यांदा गाडीवर जातेय. पिशवी घेऊन जाऊ?"

त्याने निमूटपणे गाठ मारली. माझा चेहरा त्याला ओळखता येतो.

अकोले गावापर्यंत गोणीने काही त्रास दिला नाही. घाट लागला आणि तिने रंग दाखवला. एका वळणावर मी पहिला गिअर टाकायला उशीर केला. मागचं वजन मागे ओढायला लागलं, पुढचं चाक हलकं झालं, इंजिन बंद पडलं, आणि गाडी मला घेऊन डाव्या अंगावर आडवी झाली. पाय निघाला वेळेवर. आरसा फुटला, क्लचचा दांडा वाकला आणि कोपर सोलून निघालं. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

मागून प्रवाशांनी भरलेली जीप आली. माणसांनी उतरून गाडी उभी केली, कांदे वेचले.

"ताई, तुमी जीपात बसा," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी आमचा मानूस घिऊन येतो वर."

मी क्षणभर जीपकडे बघितलं. बसले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण तशी पोचले असते तर बाबांना पुण्याला पाठवायला मीच हातभार लावला असता.

"गाडी मीच आणते. गोणी तेवढी न्या."

"कुनाच्या घरी टाकू?"

मी बाबांचं घर सांगितलं. "आरं, त्ये व्हय! वळखतो की," म्हणत त्याने गोणी टपावर टाकली, आणि जीप वळणाआड गेली. मी कठड्यावर बसून पाणी प्यायले. कोपर धुतलं, गाडीवर बसले आणि किक मारली. मागचा ब्रेक दाबून धरला, क्लच अर्धा सोडला, रेस दिली. गाडी जागची हलली. उरलेली सगळी वळणं मी पहिल्या गिअरमध्ये काढली. मागून येणारे हॉर्न देत होते. देऊ दिले.

पडल्याचं घरी सांगायचं नाही, असं मी वाटेत ठरवलं होतं. कोपरावर बाही ओढून घेतली होती. पण जीपवाल्याने गोणीबरोबर सगळी हकीकतही उतरवली होती. मी पोचले तेव्हा बाबा काठी टेकून अंगणात उभे होते. नेमका तेव्हाच भावाचा फोन आला होता आणि बाबांकडून त्यालाही सगळं कळलं होतं. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"मी सांगत होतो ना? आज पडली, उद्या काही बरंवाईट झालं तर? बाबा, तुम्ही बॅग भरा. मी शनिवारी कार घेऊन येतो."

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझी बाही वर सारली, कोपर निरखलं, वाकलेल्या दांड्यावरून हात फिरवला.

मग ते फोनमध्ये म्हणाले, "ती पडून का व्हईना, आली. तू दिवाळीपास्नं कितींदा आला?"

त्यांनी काठी अंगणात घट्ट रोवली.

"मी हितून हालनार न्हाई," बाबा म्हणाले.

मला आनंद झाला होता, लपवत नाही. पण भावाचं गप्प बसणंही मला लागलं. तो वाईट नाही. त्याला काळजी वाटते, फक्त लांबून वाटते. बाबांनी फोन माझ्या हातात दिला. तो अजून लाइनवर होता.

"पुढच्या रविवारी पोचले की फोन करते," मी म्हणाले.